डावं पान

१९६४ सालचा मे महिना, दुसरा रविवार. किन्हवलीच्या शाळेत मी खुर्च्या पुसत होते. मी तिथली मास्तरीण. मुंबईच्या कॉलेजातले सर व्याख्यानाला यायचे होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई, खुर्च्या पुसा. पाण्याच्या हंड्याला मात्र हात नको. गावची मंडळी असणार."

मी मुरबाडकडची, गावकुसाबाहेरची. असलं ऐकायची सवय होती. सर वेगळे, असं वाटायचं.

सर आधी तत्त्वज्ञान विभागात होते. समाजशास्त्र तिथे एका पेपरापुरतं, कोपऱ्यात. सर भांडले, वेगळा विभाग काढला. मला म्हणाले होते, "तत्त्वज्ञ खुर्चीत बसून माणसाविषयी बोलतात. आपण माणसालाच विचारू." त्या वाक्यावर मी दोन उन्हाळे डोळखांबचे पाडे पायी तुडवले. बी.ए. बाहेरून केलं होतं. नव्या विभागात एम.ए.ला घेतो, हा सरांचा शब्द.

वहीच्या उजव्या पानावर मी लोकांचं बोलणं लिहायची, जसंच्या तसं. डाव्या पानावर मला काय वाटलं ते. दोन वह्या सरांकडे होत्या. तिसरी माझ्या पिशवीत; आधीच्या दोन्हींतलं महत्त्वाचं तीत उतरवून ठेवलं होतं.

सर आले, व्याख्यान वाचू लागले. पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जाताना झोपडीत दळायचं जातं पुरून ठेवतात. "चोराच्या भीतीनं नव्हे," सर म्हणाले. "झोपडी दुसऱ्याच्या जमिनीवर. जातं पुरलं तेवढीच जमीन त्यांची."

टाळ्या. वाक्य माझं होतं. डाव्या पानावरचं. शब्द न् शब्द.

एका पाहुण्यानं विचारलं, "तत्त्वज्ञानापासून वेगळे झालात. मग अर्थ कोण लावणार?"

"आम्हीच. पाड्यावरून माहिती येते, विचार येत नाही."

मी उभी राहिले. "सर, ते वाक्य माझं आहे."

सर हसले. "बाई, वही तुम्ही छान भरलीत. विचार करणं निराळं काम."

मागून कोणी तरी म्हणालं, "खुर्च्या पुसून बाय प्रोफेसर झाली रे!" सगळी शाळा हसली. सरही.

तत्त्वज्ञाच्या खुर्चीतून उठून सर दुसरीत बसले होते. ती मीच पुसली होती.

निघताना म्हणाले, "तिसरी वही द्या. जूनमध्ये प्रवेशाचं बघू."

"वही मिळणार नाही."

"प्रवेशाचा विचार केलात?"

"केला. माझं काम नसताना केला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं डोळखांब गाठलं. पुढे चालत ठकीआईच्या पाड्यावर. जात्याचं मला तिनंच सांगितलं होतं. ती नुकतीच भट्टीवरून परतली होती, जातं उकरत होती. तिला जात्याची दोन्ही पानं वाचून दाखवली.

"तेवढीच कशी गो?" ती म्हणाली. "डोंगरापातूर समदी आमचीच व्हती. सावकारानं नेली. आमी इसरू नाय, म्हनून पुरतो."

दोन उन्हाळ्यांत हे मी तिला विचारलंच नव्हतं. जातं पुरतात हे तिच्याकडून घेतलं, का पुरतात ते मीच ठरवलं. सरांसारखंच.

तिथंच बसून डाव्या पानावरचं माझं वाक्य खोडलं. तिचं लिहिलं. खाली तिचं नाव घातलं, आणि कोरं पान काढून पुढचा प्रश्न विचारला.