सासूबाईंचं सोवळं

भिजलेल्या वाळ्याचा वास आला की मला धंतोलीतला एक दवाखाना आठवतो. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. पहिल्या बाळंतपणानंतर ओटीपोटाचे व्यायाम शिकायला मी सासूबाईंसोबत तिथे गेले होते. "लघवी रोखतो ना, तसं आत ओढून धर," व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. मी श्वास रोखला, तोच पडद्यापलीकडून सासूबाईंचा दबका आवाज आला, "यानं लुगडं ओलं व्हायचं थांबते का हो बाई? धाकट्याच्या बाळंतपणापासून नुसतं शिंकलं तरी होते." दिवसातून चारदा आंघोळ करणाऱ्या, वेगळ्या पाटावर बसणाऱ्या, बाळालाही मांडीवर न घेणाऱ्या या बाईच्या कडक सोवळ्याची आम्ही घरभर टिंगल करत असू! शिकवणाऱ्या बाईंनी पडदा सारून त्यांना विचारलं, "काहून सांगितलं नाही वं माय कोणाले?" "सोवळं म्हटलं की कोणी विचारत नाही," सासूबाई म्हणाल्या, चुकून हसल्या आणि घाईनं त्यांनी गुडघे जुळवले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. एका बाईनं इतकी वर्षं हसूसुद्धा आवरून धरलं, हे मला अजून सोसत नाही.