शांतामावशींची कुजबुज

शांतामावशी कानात बोलल्या तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. दिल्लीच्या पार दक्षिणेला, फरिदाबादच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या वस्तीत एकेकाळी दगडाच्या खाणी होत्या. दगड फोडणारे क्रशर दिवसरात्र धडधडायचे. मावशींचे यजमान सोलापूरहून येऊन तिथे ट्रक चालवू लागले आणि मावशींचा सगळा संसार त्या धडधडाटावर आवाज चढवूनच झाला. पुढे खाणी बंद पडल्या, खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली, यजमानही गेले. मावशींचा आवाज तेवढा खाली आला नाही.

बाबांची केंद्र सरकारची नोकरी. आम्ही शेजारी राहायला आलो त्या दिवशी मावशी दारातून गरजल्या, "मराठी आहात ना? अच्छा झालं! आता भांडायला आपलं माणूस मिळालं!" आई घाबरून आत गेली. संध्याकाळी त्यांच्याकडून पिठलं-भाकरी आली.

कुणी "जरा हळू" म्हटलं की त्या म्हणायच्या, "हळू कशाला? माझ्याकडं लपवायला आहेच काय?"

माझं कॉलेज संपल्यावर गाझियाबादहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा इंजिनियर, घर चांगलं, आईबाबा खूश. मला मात्र नोकरीच्या परीक्षेला बसायचं होतं आणि बाबांना तसं सांगायची हिंमत नव्हती. मावशी पोहे करायला मदतीला आल्या होत्या. स्वयंपाकघरात मी त्यांना हळूच म्हटलं, "मावशी, मला हे लग्न नकोय."

त्यांनी कढई उतरवली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्या कुजबुजल्या, "मग सांग की बापाला! मुलगा तसाही बिल्कुल मिळमिळीत दिसतोय!"

बाहेरच्या गप्पा एकदम थांबल्या. बाबा दारात येऊन उभे राहिले. "मनू, हे खरंय?"

"मुलाचं विचारताय?" मावशी म्हणाल्या.

"लग्नाचं."

"खरंय, बाबा," मी कशीबशी म्हणाले.

बाबांनी बाहेर जाऊन पाहुण्यांपुढे हात जोडले. "माफ करा, मुलीला विचारायचंच राहून गेलं. पोहे मात्र घ्या." मुलाचे वडील ताडकन उठले. मुलगा बसून राहिला, त्याने बशी संपवली आणि "पोहे छान झालेत" असं सांगून मगच गेला. आई पुढे आठवडाभर मावशींशी बोलली नाही. मावशी दोघींच्या वाट्याचं बोलत राहिल्या.

मी परीक्षा पास झाले. काही वर्षांनी ऑफिसातल्याच एकाशी लग्न ठरवलं. लग्नाच्या सकाळी चंदीगडहून निघालेला मामा धुक्यात अडकला. "कुठवर आलाय?" आईने विचारलं.

"पानिपतला," बाबा म्हणाले. "त्याचं पानिपतच झालंय!"

गुरुजी घाईला आले. "मुलीला मांडवात आणायला मामा हवा."

मावशींनी पदर खोचला. "मामा नाही, मावशी आहे. चल गं!" गुरुजींनी तोंड उघडलं, पण मावशी मला घेऊन निघाल्याही होत्या.

मामा पोचला तेव्हा पंगत बसली होती.

मावशी आता नाहीत. लग्नाच्या फोटोत माझ्यामागे, मामाच्या जागी, त्या उभ्या आहेत. मान ताठ, डोळे भरलेले, आणि माझा खांदा असा धरलेला, की मला कुणी मागे ओढून न्यायला आलंच, तर त्याची आधी त्यांच्याशी गाठ पडावी.