झोपेचं कलम

आमच्या घरात दारूच्या थेंबालाही कुणी शिवत नाही, याचा माझ्या आईला केवढा अभिमान! माझ्या धाकट्या भावाच्या पिकअपने एका स्कूटरला धडक दिली, आणि पोलिसांनी फुंकायला लावलेल्या यंत्रात काहीच आलं नाही, तेव्हा तिने आनंदाने मला फोन केला. "बघ, पोरगं साफ निघालं. आता तू वकील हायस, सोडव त्याला."

स्कूटरवर कळमनुरीचे एक टेलर चाचा होते. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. शिलाई मशीन चालवायचा पायच गेला कामातून.

हळदीचे दिवस होते. आमच्या गावी, कुरुंद्याला, या दिवसांत रात्र-रात्र हळद शिजते, आणि कोण किती जागला हे माणसं छाती फुगवून सांगतात. भाऊ रात्री घरची हळद शिजवायचा आणि दिवसा गावकऱ्यांची वाळलेली हळद हिंगोलीच्या बाजारात न्यायचा. वारंगा फाट्याच्या पुढे, भर दुपारी त्याचा डोळा लागला.

"दारू न्हाई, मग गुन्हा काहून?" मामा मला विचारत होते. प्रश्न अगदीच वेडा नव्हता. नशेत गाडी चालवण्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे. त्यात दारू आहे, अमली पदार्थ आहेत, झोप नाही. दारू यंत्राने मोजता येते, डोळ्यांतली झोप कशाने मोजणार? पण म्हणून झोपेला माफी नाही. निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाला जबर दुखापत करण्याचं जे कलम आहे, ते पेंगणाऱ्यालाही लागू शकतं. मग सगळं एका प्रश्नावर येतं: झोप येतेय हे त्याला कळत होतं का? कळत असूनही चालवत राहिला असेल, तर त्याच्यात आणि झिंगलेल्यात कायद्याने फरक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मत माझं होतं, पण भाऊही माझाच होता.

आणि आपल्या भाषेने आरोपीची सोय आधीच करून ठेवली आहे. दारू माणूस पितो, डोळा मात्र आपोआप लागतो. कुणी काही केलेलंच नसतं. वकिलाला आणखी काय पाहिजे? मी त्याच शब्दांवर बचाव उभा करणार होते.

तारखेच्या आदल्या दिवशी भाऊ माझ्याकडे आला.

"ताई, फाट्यावर मी च्या पिलो होतो. तोंडावर पाणी बी मारलं."

"काहून?" घाबरले की माझी गावची भाषा बाहेर पडते.

"झोप येऊन राहिली होती ना."

संपलं. माझा सगळा बचाव त्या पाण्यात वाहून गेला. फाट्यावर कुणी चौकशी केली नव्हती, त्यामुळे ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मी म्हणाले, "खोटं बोल असं मी सांगणार नाही. पण कबूल केलंस तर लायसन्स जाईल. मग खाशील काय?"

"चाचाचा ईदचा सगळा हंगाम गेला. त्येंला हे कुणी इचारलं?"

मी वैतागले, त्याला गाढव म्हणाले, आणि चहा टाकायला उठले. त्याचं काही चुकत नव्हतं, याचाच जास्त राग आला होता.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. भाऊ "व्हय" म्हणाला. कसं घडलं ते ऐकून घेऊन साहेब म्हणाले, "म्हणजे गाडी चालवताना डोळा लागला."

भावाने हात जोडले. "लागला न्हाई साहेब. मी लागू देला. झोप येऊन राहिली, हे मला बराबर कळत होतं."

मागच्या बाकावर चाचा कुबडी धरून बसले होते. त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं मी कोर्टात उभी राहते आहे, पण त्या दिवसाइतक्या ताठ मानेने कधीच उभी राहिले नव्हते.

शिक्षा झाली, लायसन्सही काही महिन्यांसाठी गेलं. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये एका ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला, "काय मॅडम, आरोपीनेच तुमची केस घालवली म्हणे?"

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी निवांत खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हो, त्यानेच घालवली. भाऊ आहे माझा. सख्खा."