पांग काकूंच्या दोन बाटल्या

सूमेईचा उजवा खांदा गेली तीन वर्षं दुखत होता, आणि त्याचं तिला आता काही वाटेनासं झालं होतं. चौदा रांजण रोज उलटायचे म्हटल्यावर खांदा दुखणारच. ज्वारी शिजवायची, विरजण लावून आंबवायची, मग तिच्यात कोंडा आणि तूस कालवून ते आंबवण बुटक्या रांजणांत भरायचं. त्यानंतर दहा दिवस, रोज, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून तळाचं वर आणि वरचं तळाला करायचं. आंबवण आतून तापत असतं. एक दिवस हात लागला नाही तर ते जळतं, आणि जळलेल्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, डुक्करसुद्धा चाटत नाही. म्हणून शिरका करणाऱ्याच्या घरी सण नसतो, दुखणं नसतं, माहेरपण तर नसतंच नसतं. आईला मूठमाती द्यायला निघाली त्या दिवशीही सूमेई पहाटे रांजण उलटून मगच बसमध्ये बसली होती. भावजयीने तेवढ्यातही अंगाला वास येतो म्हणून नाक मुरडलं होतं.

फेन नदीकाठच्या त्या गावात एके काळी दर तिसऱ्या घरी शिरका व्हायचा. आता सूमेई आणि तिचा नवरा येनबाओ एवढेच उरले होते. येनबाओची छाती धुराने गेलेली. निम्मं आंबवण मंद आचेवर पाच दिवस धुरी देऊन काळं करावं लागतं, ते काम त्याने तीस वर्षं केलं, आणि आता तो दारात बसून खोकायचा आणि गिऱ्हाईक आलं की गप्पा मारायचा. गप्पा त्याला पहिल्यापासून चांगल्या जमायच्या.

थंडीच्या तोंडाला त्याच्याकडूनच सूमेईने पुठ्ठ्यावर नवा भाव लिहून घेतला. बाटलीला सहा युआन होते, ते पंधरा. दोन वर्षं ती हे टाळत आली होती आणि दोन वर्षं पदरचं घालत होती. आणखी एक हिवाळा तसाच काढला असता तर रांजण पालथे घालून लेकाकडे शहरात जाऊन बसावं लागलं असतं. पुठ्ठा फाटकाला टांगला. लोक यायचे, वाचायचे, "बाई गं!" म्हणायचे आणि दोनाऐवजी एकच बाटली भरून न्यायचे. ते तिने गिळलं.

पण पांग काकूंचं काय करायचं, ते तिला कळेना.

पांग काकूंचं वय शहाऐंशी. गावात सगळ्यांच्याच त्या काकू, विशीतल्या पोरांच्याही. गावचा सामाईक शिरकाखाना होता त्या काळात त्या तिथल्या मुख्य. सूमेई लग्न होऊन आली तेव्हा तिचे हात रांजणात पहिल्यांदा काकूंनीच घातले, मनगट धरून. आता त्या एकट्या राहायच्या, म्हातारपणाच्या तुटपुंज्या पेन्शनीवर. दर दहा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, दारूच्या दोन जुन्या बाटल्या घासूनपुसून पिशवीत घालून यायच्या. बाटल्या भरून घ्यायच्या, थेंबभर तळहातावर घेऊन चाटायच्या आणि काहीतरी खोट काढायच्या. "धूर घाईत दिलास." "यंदा कोंडा जुना होता वाटतं." आणि त्यांचं नेहमी खरं असायचं. गावात चव कळणारं हे एकच तोंड शिल्लक होतं. त्या तोंडाला पंधरा युआन परवडणार नाहीत हे सूमेईला ठाऊक होतं. फुकट दिलेलं ते तोंड थुंकून टाकेल हेही ठाऊक होतं.

म्हणून बाजाराच्या दिवशी ती पहाटेच पुठ्ठा उतरवून ठेवायची. काकू यायच्या, बारा युआन मोजून द्यायच्या, खोट काढायच्या आणि जायच्या. त्या कोपऱ्यावरून वळल्या की पुठ्ठा पुन्हा फाटकावर.

"चोरीचा माल लपवतात तसं चाललंय तुझं," येनबाओ म्हणायचा.

"तुम्ही खोका गुपचूप."

असे पाच बाजार निभावले. सहाव्याला काकू बारा युआन मोजत होत्या तेवढ्यात टोफूवाल्याची बायको बाटली घेऊन आत शिरली. ही बाई फाटक्या तोंडाची. तिने काकूंच्या हातातल्या नोटा बघितल्या, बाटल्या बघितल्या.

"अगंबाई, काकूंना बारात दोन? परवा मला एकीचे पंधरा लावलेस की सूमेई वहिनी! आम्ही काय तुझं घोडं मारलंय?"

येनबाओला खोकल्याची उबळ आली. ती खरी होती की मुद्दाम काढलेली, देव जाणे. काकूंनी एकदा सूमेईकडे बघितलं, एकदा फाटकाच्या रिकाम्या खिळ्याकडे. मग नोटा परत खिशात घातल्या, भरलेल्या दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि काठी टेकत निघून गेल्या.

पुढच्या बाजाराला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत.

सूमेईचं कामात लक्ष लागेना. शिरका चांगला झालाय की नुसताच झालाय हे सांगणारं कोणी नव्हतं. येनबाओच्या जिभेला कधीचीच चव राहिली नव्हती, आणि गिऱ्हाइकांना आंबट लागलं की पुरे. एकविसाव्या दिवशी तिने त्याच दोन बाटल्या कोटाआड घेतल्या आणि काकूंचं घर गाठलं.

काकू नूडल्सचा वाडगा घेऊन बसल्या होत्या. शेजारी दुकानातली प्लास्टिकची बाटली होती, व्हिनेगरची, वर हसऱ्या बाईचं चित्र असलेली. तीन युआनला मिळते ती.

"ये. बस," काकू म्हणाल्या. "हे बघ काय खातेय. आधी जिभेला टोचतं आणि मग काहीच नाही. पाण्यात टाचणी बुडवून प्यावं तसं."

"मग कशाला खाता?"

"शिरक्याशिवाय नूडल्स गिळायला मी काय परगावची आहे?" त्यांनी वाडगा खाली ठेवला. "मला सांग. सहाचे पंधरा झाले ते कशाने? ज्वारीला काय सोन्याची कणसं लागली?"

"ज्वारी थोडीच वाढली, काकू. बाकीचंच वाढलं."

"बाकीचं काय असतं शिरक्यात? धूर, थंडी, ऊन आणि हात. यातलं विकत काय घ्यावं लागतं?"

"आता सगळंच," सूमेई म्हणाली, आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "सरकारने कोळशाची चूल बंद करायला लावली. बरंच झालं, ह्यांची उरलीसुरली छाती तरी वाचली. पण गॅसवर पाच दिवस धुरी द्यायची म्हणजे काय बिल येतं ते माझं मला माहीत. उलटायला माणूस ठेवावं तर टिकत नाही. गेल्या महिन्यात एक पोरगी आली, रोजचे दीडशे कबूल केले, चौथ्या दिवशी म्हणाली हातांचा वास जात नाही. गेली. आणि थंडी! पूर्वी अंगणातल्या रांजणांवर हातभर बर्फ यायचा की नाही? पाणी गोठायचं, आपण बर्फ काढून फेकायचो, खाली दाट शिरका राहायचा. आता पापुद्रा येतो आणि दुपारी विरघळतो. लेकाने शहरातून फ्रीझर धाडलाय, बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला. त्यात बादल्या ठेवते."

"थंडी विकत घेतेस?"

"हप्त्याहप्त्याने. वर स्ट्रॉबेरीचं चित्र आहे."

काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "आणि ऊन? उन्हाचं बिल कोण पाठवतं?"

"ऊन अजून फुकट आहे. पण शेजारच्याने तीन मजले चढवले. दुपारी दोननंतर अंगणात सावली. शिरका एका उन्हाळ्यात आटायचा, आता दोन उन्हाळे घेतो."

काकूंचं हसू ओसरलं. सूमेईने कोटाआडच्या बाटल्या काढून हळूच वाडग्याजवळ ठेवल्या.

"किती?" काकूंनी विचारलं.

"सहा."

"पुठ्ठ्यावर किती आहे?"

"पुठ्ठा लोकांसाठी आहे, काकू."

"म्हणजे मी लोकांत नाही. भिकाऱ्यांत." काकूंचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "पाच बाजार तू मला भीक घातलीस. मी वर तोंड करून खोटही काढली. गावात काय म्हणत असतील? म्हातारी फुकटचं खाते आणि नावं ठेवते!"

"भीक कसली?" सूमेईलाही राग आला. खांदा दुखत होता, तीन आठवडे झोप नव्हती. "हे हात कोणी तयार केले? तुम्ही शिकवलंत म्हणून माझ्या घरची चूल पेटते. दोन बाटल्यांवरून मला परकी करता?"

"शिकवल्याचे पैसे मला तेव्हाच मिळाले. शिरकाखान्यात हजेरी लागायची." काकूंनी दुकानातली बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं, पुन्हा ठेवली. मग म्हणाल्या, "त्या पोरीला रोजचे दीडशे देणार होतीस. चौदा रांजणांचे. म्हणजे एका रांजणाचे दहाअकरा झाले. दोन बाटल्यांचे तीस. तीन रांजण होतात. तीन मला जमायचे नाहीत. एक जमेल."

"काकू!"

"ऐकून घे. बाजाराच्या दिवशी मी येईन, एक रांजण उलटीन. वर बारा युआन देईन. उरतील सातआठ, ते मी खोट काढते त्याचे. तेवढं तर माझ्या जिभेचं मोल आहे की नाही?"

शहाऐंशी वर्षांची बाई, काठीशिवाय उभी राहता येत नाही, आणि म्हणे रांजण उलटणार! सूमेईला हसावं की रडावं कळेना. पण नाही म्हटलं असतं तर काकू मरेपर्यंत ते टोचणारं पाणी खात बसल्या असत्या, हेही तिला दिसत होतं.

"या," ती म्हणाली. "पहाटे या मात्र. उशीर झाला तर हजेरी मांडणार नाही."

"तू मला हजेरी शिकवू नकोस."

पुढच्या बाजाराला सूर्य उगवायच्या आत काकू हजर. बाह्या दंडापर्यंत सरसावलेल्या, केस फडक्यात बांधलेले. सूमेईने त्यांना चुलीजवळचा, सगळ्यांत बुटका रांजण दिला आणि स्टूल ठेवलं. काकूंनी हात घातले आणि डोळे मिटून घेतले. जरा वेळ नुसतेच हात आत होते. मग कामाला लागल्या. सूमेई जे दहा मिनिटांत उरकायची त्याला त्यांना तास लागला, आणि तासाच्या शेवटीही वरचं आंबवण तेवढं हललं होतं. तळापर्यंत त्यांचे हात पोचलेच नव्हते. त्या मात्र घामाघूम होऊन, ताठ मानेने उठल्या. बारा युआन दिले, स्वतःच्या हाताने बाटल्या भरल्या, थेंब चाटला.

"ठीक आहे. पण फ्रीझरचा शिरका आणि अंगणातला शिरका एकत्र करू नकोस. कळतं."

त्या गेल्या आणि सूमेईने मुकाट्याने स्टूल बाजूला सारून तोच रांजण पुन्हा उलटायला घेतला. वरचा थर इकडेतिकडे झाल्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच जोर लागत होता.

"अगं, हिशेब केलास का?" येनबाओ दारातून म्हणाला. "अख्ख्या गावात काकूंच्याच दोन बाटल्या आपल्याला सगळ्यांत महाग पडतात."

"पडू देत."

"खांद्याला औषध कोण आणणार मग?"

"तुम्ही. बसून तर असता."

दुसऱ्या बाजारालाही तेच झालं. तिसऱ्या बाजाराला काकूंची दमछाक फारच झाली. दोनदा थांबून त्यांनी पाणी मागितलं. त्या फाटकाबाहेर पडल्या आणि सूमेईने घाईने हात आत घातले, कारण तळ खरंच तापला होता. भिंतीकडच्या बाजूने ती आंबवण उपसत होती, तेवढ्यात मागे काठी वाजली.

"माझा मफलर राहिला," काकू म्हणाल्या.

सूमेई कोपरापर्यंत रांजणात होती. हात काढता येईनात आणि ठेवताही येईनात. "काकू, मी आपलं... जरा बघत होते..."

काकूंनी खुंटीवरचा मफलर घेतला, गळ्याभोवती गुंडाळला. रांजणाजवळ आल्या, वाकल्या, वास घेतला.

"तळाचं वर आलं नव्हतं ना?"

सूमेईने नकारार्थी मान हलवली.

"मग काढ नीट. मागचं जास्त गरम असेल." काकू स्टुलावर टेकल्या. धाप अजून बसली नव्हती. "तू नवी होतीस तेव्हा दोन वर्षं, तू घरी गेलीस की तुझे रांजण मी परत उलटायचे. रोजचे आठ. तुला बोलले का कधी?"

त्या दुसऱ्या वर्षीच्या वसंतसणाला, अख्ख्या शिरकाखान्यात सूमेईचे रांजण सगळ्यांत उत्तम म्हणून तिला एनॅमलचं घमेलं बक्षीस मिळालं होतं. लाल फुलांचं. चाळीस वर्षं ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत आली होती. सुनेला तर दहा वेळा ऐकवलं होतं.

"म्हणजे ते बक्षीससुद्धा तुमचंच?"

"तुला मिळालं ते बरं झालं. त्यानंतर तू खरंच चांगलं करायला लागलीस." काकूंनी गुडघे चोळले. "दमायला होतं, नाही?"

"होतं, काकू."

"मलाही व्हायचं."

त्या काठी टेकून उठल्या. पुढच्या बाजाराला येते म्हणाल्या आणि बाटल्यांची पिशवी सांभाळत हळूहळू फाटकाबाहेर गेल्या. सूमेईने कपाळावरचा घाम दंडाने पुसला आणि पुन्हा तळापर्यंत हात घातले. अजून नऊ रांजण बाकी होते.