वरचा नको, खालचा काढ

"वरचा नको. खालचा काढ."

दुकानातली टायरांची चळत माझ्या डोक्यापेक्षा उंच, आणि साहेबांना हवा असायचा नेमका सगळ्यात खालचा. मी एकेक टायर उतरवून घामाघूम व्हायचो. तोवर साहेब स्टुलावर बसून माझ्याच चहाचे घुटके घ्यायचे. खालचा टायर समोर आला की त्यावर अंगठ्याचं नख रोवायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "पाहू अजून."

तुमच्याही ओळखीत असा एखादा नमुना असेल. गठ्ठ्यातली शेवटची साडी मागणारी काकू, कणीस सोलून पाहिल्याशिवाय न घेणारा मामा. पण त्यांची नुसती खोड असते. आमच्या साहेबांचा तर तो धंदाच होता. ते कापसाचे ग्रेडर. यवतमाळच्या बाजारात जिनिंगवाल्यांच्या वतीनं कापूस पारखायचे. गाडीत वर पांढराशुभ्र माल आणि तळाशी ओला, हा प्रकार जन्मभर पाहिलेला. म्हणून कोपरापर्यंत हात खुपसून तळातला चिमूटभर कापूस ओढायचे आणि दोन अंगठ्यांत ताणून धागा बघायचे. माल ओला निघाला की गाडीवाला त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. साहेब तोवर पुढच्या गाडीत हात घालून मोकळे झालेले असायचे.

मग ती वाईट वर्षं आली. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. साहेबांना काम देणारं जिनिंग बंद पडलं आणि साहेब घरी बसले. सगळा जिल्हा डोक्याला हात लावून बसलेला असताना या माणसानं काय करावं? वणीच्या खाणीतला एक इंजिनियर बदलून चालला होता, त्याची उंचच उंच मोटारसायकल घेतली. डांबरावर पळणारी आणि मातीतही शिरणारी. तिच्यावर टांग टाकायला साहेबांना माझ्या दुकानाची पायरी लागायची. चौकानं तिचं नाव उंट ठेवलं.

उंटाचे टायर झिजून गोटा झाले होते. ते बदलायचे, एवढंच काम. या कामाला साहेबांनी दोन पावसाळे घेतले.

मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. एक सपाट टायर, डांबरासाठी. एक खोल गट्टूंचा, म्हणजे रबराच्या मोठाल्या ठोकळ्यांचा, रानासाठी. आणि एक मधला, थोडं डांबर, थोडी माती.

"मधला घ्या," मी म्हटलं.

"दोन घरचा पाहुना उपाशी," साहेब म्हणाले.

"मंग सपाट घ्या."

"मातीत घसरीन ना मी."

"मंग गट्टूवाला घ्या, साहेब, पन घ्या!"

"पाहू अजून."

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते तुम्ही पाहिले असतील. साहेब त्यातला एक उपटायचे, दोन अंगठ्यांत धरून ताणायचे आणि डोळे बारीक करून म्हणायचे, "धागा बरा हाय." पहिल्यांदा मला वाटलं गंमत करताहेत. पण नाही, माणूस गंभीर होता. मी सांगितलं, "साहेब, ते केस आर्णीला पोचायच्या आधी झडतात."

"झडू दे. पन बीज कळते."

अशा माणसाशी काय बोलणार?

एकदा दसऱ्याच्या सुमारास ते असेच स्टुलावर बसलेले असताना फोन आला. मुलीचा होता. तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता, साहेबांचाच येत होता. "हो माय, येतो ना. टायर नाई ना पन. पाहून राह्यलो. भेटले का निघालोच." फोन ठेवून त्यांनी हातातल्या टायरला उगाच नख मारलं.

मी म्हटलं, "साहेब, हे झालं वरचं. आता खालचं काढा."

त्यांनी टायर खाली ठेवला. त्यांचीच विद्या त्यांच्यावर आजवर कोणी चालवली नसावी. मग हळूहळू सांगितलं. मुलीनं कॉलेजातल्या एका मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा दिग्रसपुढच्या एका तांड्यावरचा, बंजारा. लग्नाआधी तो आपल्या बापाला घेऊन रीतसर मागणी घालायला आला. साहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बापासमोर म्हणाले, "पोरगं वरून तं झकास हाय. खालचं कोनं पाह्यलं?"

बापलेक चहा तसाच ठेवून उठले. लग्न झालं, साहेब गेले नाहीत. पण मुलगी दर वर्षी फोन करायची. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. झाडापाशी पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, मग वेचायला हात लावायचा. ही माहेरची रीत तिनं तांड्यावर नेली होती, आणि सीतादहीला बापानं यावं एवढंच तिचं मागणं होतं.

"कोन्या तोंडानं जाऊ?" साहेब म्हणाले.

तेव्हा मला कळलं, हा माणूस दोन वर्षं टायर निवडत नव्हता. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी काही न विचारता उंट आत ओढला आणि चाक खोलायला घेतलं. "बोला. कोनता?"

साहेबांनी खोल गट्टूंचा दाखवला. का? तर त्याचे केस सगळ्यात लांब होते. ओली काळी माती या गट्टूंत भरून बसते, असं भय मी घातलं. ते म्हणाले, "तू पन चाल. टायर तुझे, जबाबदारी तुझी."

तर असे सीतादहीच्या दिवशी आम्ही निघालो. डांबरावर ते गट्टू असे घुमत होते की दिग्रस येईतो माझे दात खिळखिळे झाले. पुढे पक्का रस्ता सोडून तांड्याच्या वाटेला लागलो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. आमच्याकडची काळी माती ओली झाली की माणसाची चप्पलसुद्धा सोडत नाही; इथे तर तिला धरायला एवढाले गट्टू मिळाले. दोन्ही टायर मातीनं लिंपले गेले, मडगार्डमध्ये चिखल ठासला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि आम्ही दोघं उंटासकट आडवे झालो. लागलं काही नाही. गादीवर पडावं तसे पडलो.

बाजूच्या वावरातून एक तरुण बैलजोडी घेऊन आला. साहेबांचा चेहरा बघूनच मी ओळखलं, हाच जावई. साहेब चिखलात बसलेले, पांढरा सदरा काळा झालेला, चष्मा एका कानावर. तो वाकला, चिखलात बुडालेल्या त्या महागड्या टायरांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मामाजी, वरून तं टायर झकास हाय. खालचं कोनं पाह्यलं?"

साहेब असे हसायला लागले की पुन्हा चिखलात आडवे झाले. जावयानं हात देऊन त्यांना उठवलं. उंट बैलांच्या मागे दोरानं बांधला आणि आमची वरात तांड्यावर गेली. बायामाणसं दारात येऊन बघत होती. साहेब जावयाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, अनवाणी, कारण चपला मातीनं ठेवून घेतल्या होत्या.

मुलीनं बापाच्या पायावर पाणी घातलं आणि रडली.

सीतादही झालं. नातू तांड्याच्या बोलीत "याडी, याडी" करत आईच्या पदराला लोंबकळत होता. पहिल्या वेचणीचा कापूस तिनं ओटीतून टोपल्यात ओतला आणि टोपलं बापापुढे ठेवलं. माझं लक्ष साहेबांच्या हाताकडे. आता हा हात कोपरापर्यंत आत जाणार, जन्माची सवय कुठे जाते? जावईही बघत होता.

साहेबांनी अगदी वरचा कापूस चिमटीत घेतला. ताणलासुद्धा नाही.

"चांगला हाय," म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब गेले. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि तिथेच संपले. मधल्या काळात किती वेळा तांड्यावर जाऊन आले, ते मी मोजलं नाही. गट्टूंचे टायर मात्र त्यांनी शेवटपर्यंत बदलू दिले नाहीत.

उंट आता जावई चालवतो. परवा दुकानात आला, मागचा टायर पार गेला होता. "काका, मधला द्या. कोनताही चालते, लवकर निघाचं हाय."

मी चळतीवरचा टायर उचलला. नवाकोरा होता, केससुद्धा झडले नव्हते. साहेबांची फार आठवण आली. तो टायर मी बाजूला ठेवला आणि खालचा उतरवायला लागलो.

"काहून काका? वरचा खराब हाय काय?"

"नाई रे," मी म्हटलं. "बस तू. चहा घे."

आणि एकेक टायर उतरवत राहिलो.