जामिनाची सही

गल्लीत सगळे तिला वहिनीच म्हणायचे. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर तिचं छोटंसं पार्लर होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि केस धुवायचं बेसिन. ते बेसिन तिने स्वतःच्या कमाईतून हौसेने बसवून घेतलं होतं. नवरा औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर होता, मुलगी प्राथमिक शाळेत. माणूस सरळ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्याला नाही म्हणता येत नसे, आणि धाकट्या भावाला तर मुळीच नाही.

त्या भावाने टेम्पोसाठी बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा नवरा जामीन राहिला. वहिनीला हे कळलं ते थेट वसुलीवाला पार्लरच्या दारात उभा राहिला तेव्हा. ती एका बाईच्या केसांना रंग लावत होती.

"तुमच्या दिरांनी हप्ते थकवलेत," तो म्हणाला. "आता तुमच्या मिस्टरांच्या पगारातून कापावे लागतील."

रंग लावून घेणाऱ्या बाईने आरशातून सगळं ऐकलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीनेही ऐकलं.

"अहो, सही करताना मला विचारावंसं नाही वाटलं?" तिने घरी येताच विचारलं.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून नाही विचारलं."

तिने कपाळावर हात मारला.

पगार कापला जाऊ लागला तसं गाळ्याचं भाडं झेपेना. तिने पार्लर घरच्या पुढच्या खोलीत हलवलं. बेसिन मालकाने काढू दिलं नाही. भिंतीत बसवलेलं ते माझं, म्हणाला. मग गिऱ्हाइकं डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाऊ लागली आणि सासूबाई टीव्हीवरची नजर काढून प्रत्येकीला विचारू लागल्या, "किती घेते हो ही तुमच्याकडून?"

दीर अधूनमधून यायचा, चहा प्यायचा. "वहिनी, पुढच्या महिन्यात नक्की." तो पुढचा महिना काही येत नव्हता. वर एकदा वीजबिलासाठी काढून ठेवलेले पैसे डब्यातून गायब झाले. नवऱ्याने खाली बघत कबूल केलं, "त्याची फार ओढाताण चाललीय गं. हातउसने दिलेत."

त्या दिवशी ती चप्पल सरकवून तडक दिराच्या घरी गेली. इमारतीखाली टेम्पो उभा होता, ताडपत्री घातलेला, चाकं बसलेली. दार जावेने उघडलं. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती आणि नुकतीच कामावरून आली होती.

"कर्जाचं काय करायचं ठरवलंय तुम्ही?" वहिनीने उभ्याउभ्याच विचारलं.

"कुठलं कर्ज?" जाऊ म्हणाली. "ते तर कधीच फिटलं. हे म्हणाले मला."

वहिनीने कापल्या जाणाऱ्या पगाराचं सगळं सांगितलं. आतून दीर बाहेर आला आणि बघून पुन्हा आत निघाला.

"थांबा," जाऊ म्हणाली. "तो टेम्पो विकायचा."

"विकला तर लोक काय म्हणतील?" दीर म्हणाला.

"लोक हप्ता भरतात का भावजी?" वहिनीचा आवाज जिन्यात घुमला.

बँकेला विचारून टेम्पो विकला. सगळे पैसे कर्जात गेले, तरी बाकी उरलीच. ती रक्कम दोघी जावांनी निम्मी निम्मी वाटून घेतली. वहिनीची मुलगी प्राथमिकमधून हायस्कूलला गेली, तेव्हा कुठे ती रक्कम फिटली. दिराने कधी चकार शब्दाने माफी मागितली नाही. उलट नातेवाइकांत सांगत फिरला, की वहिनीने माझा धंदा बुडवला.

कर्ज संपल्याच्या दिवशी नवरा खुशीत घरी आला. "सुटलो एकदाचे! मोठा टीव्ही बघून आलोय. हप्त्याने देतात."

"हप्ता हा शब्द या घरात पुन्हा काढलात ना," ती म्हणाली, "तर मी माहेरी जाईन. आणि तुमच्या आईंना तुमच्याकडे ठेवून जाईन."

दुसऱ्याच दिवशी तिने फक्त स्वतःच्या नावावर खातं उघडलं. आजवर हप्त्यात जात होते तेवढेच पैसे दर महिन्याला त्यात टाकू लागली. नवऱ्याला पासवर्ड सांगितला नाही. तो फुरंगटला, सासूबाई चार दिवस घुश्शात राहिल्या, पण तिने दाद दिली नाही.

पुढे सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचे पैसे तिने त्या खात्यातून भरले. या घरात पहिल्यांदाच कुणापुढे हात पसरावा लागला नाही. हॉस्पिटलच्या बाकावर नवरा तिच्या शेजारी बसला आणि सुस्कारा टाकत म्हणाला, "बघ, आपलं नशीब किती चांगलं. ऐनवेळी पैसे निघाले!"

निघाले! जणू जमिनीतून झराच फुटला. तिने तोंड उघडलं, पण ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भांडण नको म्हणून हातातल्या पावत्या पर्समध्ये कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. वहिनीने कंगवा घातला, कात्री उचलली आणि ती सटासट चालायला लागली.

"अगं, जरा हळू," ती बाई आरशातून घाबरून म्हणाली. "मी काय केलंय तुझं?"