मोकळ्यातलं गणित

आण्णाप्पा गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते जुन्या धोतराच्या चिंध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवत बसले होते. चेंडू करत होते. साल सत्याहत्तर. कर्नाटकात, सदलग्याजवळच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत मी नवी बाई, तात्पुरत्या नेमणुकीवरची. बेळगावची म्हणून मला कन्नड उत्तम येतं, असा शाळेचा समज झाला होता. तो मी मोडला नाही.

गुरुजींकडे चौथी होती, पण त्यांचा वर्ग वर्गात कधी सापडायचा नाही. मैदानात चेंडूचे झेल चालायचे; जाताना मराठीत मोजायचे, येताना कन्नडमध्ये. तोच चेंडू मुरमावर किती उडतो आणि काळ्या मातीत किती, ते काठीनं मापून वहीत उतरवायचं. त्याच चेंडूवर शाईची रेघ ओढली की तो पृथ्वी व्हायचा. लगोरीत हमरीतुमरी झाली, तर तिघांनी आपण काय पाहिलं ते वेगवेगळं बसून लिहायचं. तिघांचं कधीच जुळायचं नाही.

"ह्योच इतिहास," गुरुजी म्हणायचे. "आता बघा, कुणाचं किती खरं धरायचं."

मला हे सगळे थेर वाटायचे. पण चौथीतली पारूबाईची यल्लव्वा, जिनं चार वर्षांत पाटीला धड हात लावला नव्हता, तिनं एकदा भांडणाची दीड पान साक्ष लिहून आणली. त्यानंतर मी नाक मुरडायचं बंद केलं.

त्याच वर्षी वरून कागद आला: कोणत्या तासाला काय नि कसं शिकवता ते कन्नडमध्ये लिहून पाठवा. गुरुजी कन्नड फर्डं बोलायचे, पण अक्षर येत नव्हतं. त्यांनी मराठीत लिहून आणलं: मोकळ्यात गणित, मोकळ्यात भूगोल, मोकळ्यात भाषा.

"बाई, एवढं कन्नडात करून द्या की. तुम्हाला काय, हातचा मळ."

मी दहा मिनिटांत करून टाकलं. मोकळं म्हणजे 'बिडुवु'. गुरुजींनी न वाचता खाली सही केली. वाचणार तरी काय?

महिन्याभरात तपासणीला साहेब आले. चौथीची लगोरी ऐन रंगात होती. साहेबांनी पिशवीतून तो कागद काढला आणि त्यातलं कन्नड मराठीत करून मोठ्यानं सांगितलं, "सवडीनं गणित. सवडीनं भूगोल. सवडीनं भाषा. एवढी सवड असते होय तुम्हाला, मास्तर?"

मला तिथल्या तिथे कळलं. मोकळ्या रानाला 'बयलु' म्हणतात, हे बेळगावात शेंबडं पोरही सांगेल. 'बिडुवु' म्हणजे फुरसत. माझ्या मराठी डोक्यात दोन्ही मोकळंच. 'साहेब, चूक माझी.' तीन शब्द होते. नेमणूक तात्पुरती होती. मी बोलले नाही. गुरुजींना वाटलं, साहेब खेळ बघून टोमणा मारतायत. ते मान खाली घालून उभे राहिले.

त्यांची बदली खानापूरच्या जंगलात, एकशिक्षकी शाळेवर झाली. नव्या मास्तरांनी चेंडू कपाटात घालून कुलूप लावलं. यल्लव्वा आठवडाभर आली, मग आली नाही. दिवाळीनंतर कळलं की ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. हजेऱ्या माझ्याकडे असायच्या; मी तिचं नाव कमी केलं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मात्र कळत होतं.

पुढे मी कायम झाले, बेळगावजवळ पिरनवाडीच्या शाळेत आले. शहाऐंशी साली दुपारच्या सुट्टीत गुरुजी दारात उभे. निवृत्त होत होते. हातात पेन्शनचा फॉर्म, अर्थात कन्नड.

"तुमच्याशिवाय कुणाकडं जाऊ, बाई?"

मी चहा मागवला. चेंडूचं विचारलं.

"न्हाय हो. तिकडं गेल्यावर एकबी केला न्हाय. साहेबांचं बरोबर हुतं. पोरं नुसती खेळतच हुती. शिकत्यात म्हणून माझं मीच धरून चाललो हुतो. पोरांची लई वर्षं वाया घालवली."

यल्लव्वाचं ते दीड पान मला समोर दिसत होतं. सांगायचं होतं, गुरुजी, तुमचं काही चुकलं नव्हतं, शब्द माझा चुकला होता. आता नोकरी कायम होती, कुणी काढणार नव्हतं. तरी आतून काही हललंच नाही. मी फॉर्मच भरत राहिले. नाव, गाव, जन्मतारीख.

शेवटचा रकाना आला. "सेवेत केलेलं विशेष काम," मी वाचून दाखवलं.

"इशेष?" गुरुजी हसले. "काय न्हाय बाई. न्हाय लिवा."

मी 'इल्ल' लिहिलं. ह्या खेपेला माझं कन्नड बिनचूक होतं. गुरुजींनी न वाचता खाली सही केली.